पहले नाप, फिर हातोडी

ठोकलेली गाडी बघायला येणारा माणूस आधी बॉनेट बघतो, मग हेडलाइट, मग बंपर. 'चांगलीच बसली की' म्हणतो आणि अंदाजाने एक आकडा सांगून निघून जातो. आमची मारुती 800 बघायला यंदा आठवडाभर लोक येत होते. पंधरा हजारांपासून 'भंगारात घाला'पर्यंत सगळे सल्ले गोळा झाले. गाडीखाली मात्र कुणी डोकावलं नाही. डोकावायला सांगणारे पहिले माझे मामू. त्यांना स्वतःला आता वाकता येत नाही. लिंबाखाली खाट टाकून बसले आणि म्हणाले, "उप्पर का छोड. नीचे घुस, और देख डांडे सीधे हैं क्या."

डांडे म्हणजे काय ते आधी सांगतो. ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली वेगळी चेसिस असते, तशी या गाडीला नसते. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चेसिस. पुढच्या बाजूला इंजिनाच्या दोन्ही अंगांनी पत्र्याच्या पोकळ पेट्या लांबीने गेलेल्या असतात. त्यांना मामू डांडे म्हणतात. इंजिनाचा भार आणि पुढच्या चाकांची दिशा या पेट्यांवर अवलंबून असते. बॉनेट चेपलं तर गाडी वाईट दिसते, एवढंच. डांडा हलला तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एकाच कडेने झिजतात. आणि पुन्हा कुठे धडक झालीच, तर घड्या पडून धक्का जिरवायचं काम याच पेट्यांना करायचं असतं. आधीच मोडलेली पेटी ते नीट करत नाही. मग धक्का आत बसलेल्या माणसापर्यंत पोचतो.

आमच्या गाडीत त्या जागी अम्मी बसते. दर पंधरा दिवसांनी तिला छत्रपती संभाजीनगरला डॉक्टरकडे न्यावं लागतं. गुडघे इतके गेलेत की एसटीची पहिली पायरीच चढवत नाही. दोघांनी धरून चढवलं तरी उतरताना रडकुंडीला येते. म्हणून 2004 ची ही गाडी आम्ही ठेवलेली आहे.

झालं असं की, कन्नडहून पिशोरला येत होतो. मगरिबची अजान होऊन तासभर झालेला. गळीत हंगाम, रस्त्यावर उसाची वाहतूक. समोरून एक मोटारसायकल डोळ्यांत लाइट मारत आली, म्हणून मी वेग कमी केलेला होता. ती गेली आणि पुढे काळोखात उसाची ट्रॉली उभी. टायर पंक्चर म्हणून ट्रॅक्टरवाला ती रस्त्यातच सोडून गेला होता. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर, ना झाडाची फांदी. चाकाला दगड तेवढा लावलेला. मी ब्रेक दाबला, चाकं घासली, पण शेवटचे काही फूट कमी पडले. बेल्ट होता म्हणून छातीवर वळ उठण्यावर भागलं. त्या दिवशी अम्मी सोबत नव्हती.

दर हंगामात ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा होतात, हार घातलेल्या ट्रॅक्टरचे फोटो पेपरात येतात. नंतर उसाची वाढं त्या रिफ्लेक्टरवर लोंबत राहतात आणि प्रकाश पडून दिसायला काही उरत नाही. यावर मी फार बोलत नाही, कारण माझं नुकसान पत्र्याचं आहे. 2025 च्या मार्चमध्ये आमच्या पिशोर खांडीत उसाचा ट्रक उलटला तेव्हा त्यावर बसलेले ऊसतोड मजूर उसाखाली दबून मेले. त्यांच्या घरी कुणाला गाडीच्या खर्चाचा आकडा सांगायची वेळ आली नाही.

आता आकड्यांचं. शहरातल्या एका गॅरेजने बेचाळीस हजार सांगितले. गाडी विकायला काढली तर पंचेचाळीस हजार आले तरी नशीब. विमा थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याचं नुकसान भरून देणारा. स्वतःच्या गाडीचा खर्च त्यात मिळत नाही. संपूर्ण विमा असता तरी फार फरक पडला नसता. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत धरते, आणि जुन्या गाडीची ती किंमतच इतकी कमी असते की जरा मोठी धडक झाली की ही रेषा ओलांडलीच. पंधरा वर्षांवरच्या कारच्या फेरनोंदणीची फी एप्रिल 2022 पासून सहाशेची पाच हजार झाली. ती मी 2024 मध्ये भरलेली. शिवाय पर्यावरण कर. कागदोपत्री गाडी 2029 पर्यंत रस्त्यावर चालायला मोकळी होती, आणि अंगणात तोंड फुटून उभी होती.

मारुती 800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं. डिसेंबर 1983 मध्ये पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हातात पडली, तेव्हापासून तीस वर्षं. याचा एक फायदा आहे. भंगार बाजारात अजूनही या गाडीचे अवयव मिळतात. बॉनेट, हेडलाइट, जाळी, पुढचा शो म्हणजे रेडिएटर आणि हेडलाइट ज्यावर बसतात तो आडवा पत्रा, सगळं. तेव्हा प्रश्न पार्टचा नव्हता. सांगाडा सरळ होण्यासारखा आहे का, एवढाच प्रश्न होता. नसेल तर अम्मीला त्यात बसवायचं नाही आणि गाडी मोडीत द्यायची, असं मी मामूंसमोर कबूल केलं.

मामू एसटीत होते. एसटी महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत: पुण्याची दापोडी, नागपूरची हिंगणा आणि आमची चिकलठाणा. कंपनीकडून नुसती चेसिस येते आणि कार्यशाळेत तिच्यावर बसची बॉडी चढते. त्या कामात मामूंची नोकरी गेली. लहानपणी त्यांच्या हातावरचे कापल्याचे व्रण मी मोजायचो. आता तेच हात चहाचा कप बशीत ठेवताना वाजतात.

गाडीखाली घुसायच्या आधी त्यांनी बॅटरीची तार काढायला लावली. फुटलेल्या रेडिएटरमधलं उरलंसुरलं कूलंट घमेल्यात घेऊन झाकून ठेवायला लावलं. हे शेवटचं खेड्यात फार महत्त्वाचं. कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं. शेळी किंवा कुत्रं प्यायलं तर मूत्रपिंडं जातात.

मग म्हणाले, "ओळंबा ला."

गवंड्याचा ओळंबा! मला वाटलं होतं हातोडी मागतील. गाडीच्या पोटाला कारखान्यातच पाडलेली भोकं असतात, डावीकडे जशी तशीच उजवीकडे. गाडी शहाबादी फरशीवर सपाट उभी करून, खाली ठोकळे देऊन, त्या प्रत्येक भोकातून ओळंबा सोडायचा आणि तो टेकेल तिथे खडूने फुली मारायची. आठ फुल्या झाल्या. मग गाडी मागे ढकलून बाजूला केली आणि फरशीवर उरल्या नुसत्या फुल्या. टेप घेऊन तिरपे मोजायचे. डाव्या पुढच्या फुलीपासून उजव्या मागच्या फुलीपर्यंत, आणि उलट. दोन्ही कर्ण सारखे तर चौकट काटकोनात. शाळेत मी मराठी शिकवतो, पण आमच्या गणिताच्या सरांना ही फरशी दाखवायला हवी होती.

मागच्या चार फुल्यांचे कर्ण जुळले. पुढच्या चारांत चौदा मिलिमीटरचा फरक आला. डाव्या डांड्याचं टोक मागे आणि किंचित आत सरकलं होतं. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यातलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजलं. या गाडीचं मूळ माप 2175 मिलिमीटर. डावीकडे दोन मिलिमीटर कमी, उजवीकडे बरोबर. मामूंचा चेहरा तेव्हा जरा सैल झाला. "पहिया हिला नहीं. मुंह टेढा हुआ है, गर्दन ठीक है."

असं का झालं हे नंतर समजलं. ट्रॉलीचा मागचा लोखंडी अँगल बंपरपेक्षा उंचावर असतो. तो बंपरच्या वरून थेट बॉनेटमध्ये आणि शोमध्ये शिरला. म्हणून वरचं सगळं चुरगळलं आणि खालचे डांडे बरेचसे वाचले. वेग जास्त असता तर तोच अँगल काचेपर्यंत आला असता. गाडी वाचण्याचं आणि माणूस मरण्याचं कारण एकच असू शकतं, हे त्या मापांनी मला शिकवलं.

मामूंचा एक नियम आहे. वाकलं असेल तर सरळ कर, मुडपलं असेल तर काप. वाकलेल्या पत्र्याला गोलाई असते, तो परत येतो. मुडपलेल्याला कागदाच्या घडीसारखी धार पडते. ती धार ठोकून सपाट केली तरी पत्रा तिथे कमजोर झालेला असतो, पुन्हा तिथेच मुडपतो. डांड्याचं टोक वाकलेलं होतं. शो मुडपलेला होता. म्हणजे एक ओढायचा आणि दुसरा कापून काढायचा.

विहिरीतली मोटर वर काढायला वापरतात तो चेन ब्लॉक शेजारच्या शेतकऱ्याकडून आणला. पुढे लिंबाचं खोड, त्याला पोती गुंडाळून साखळी. मागे गाडीला धरून ठेवायला त्याचाच ट्रॅक्टर, हँडब्रेक लावून. (ट्रॅक्टरवर माझा राग नाही, हे त्याला दोनदा सांगावं लागलं.) धडक ज्या दिशेने बसली तिच्या उलट ओढायचं, घाई न करता. साखळी ताणली की थांबायचं आणि वाकलेल्या जागेच्या आजूबाजूला लाकडी ठोकळा धरून हलके ठोके द्यायचे. पत्रा ताणाखाली असताना ठोके दिले की अडकलेला पीळ सुटतो. नुसता ओढत राहिलात तर तो भलतीकडे फाटतो. आणि तापवायचा नाही. गॅसने लाल केला की लवकर वळतो खरा, पण त्याचा जीव जातो.

ताणलेल्या साखळीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. तिच्यावर भिजवलेली गोधडी टाकली, कारण साखळी तुटली तर तोफेच्या गोळ्यासारखी येते. पोरांना घरात कोंडलं. अम्मी खिडकीतून दुआ पुटपुटत होती आणि मध्येच मामूंना म्हणत होती, "भाईजान, बच्चे को आगे मत खडा करो." बच्चा सत्तेचाळीस वर्षांचा आहे.

दिवसभरात तीनदा ओढलं. साखळी सैल केली की पत्रा थोडा मागे जातो, म्हणून मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त ओढावं लागतं. प्रत्येक वेळी पुन्हा ओळंबा, पुन्हा फुल्या. चौदाचे नऊ झाले, नवाचे पाच, शेवटी तीन. तीनवर मामूंनी हात वर केला. मी एकदा आणखी ओढूया म्हटलं तर ते नाही म्हणाले. उरलेले तीन मिलिमीटर या वयाच्या गाडीत कदाचित आधीपासूनच असतील, असं त्यांचं म्हणणं.

शो काढायला दोन दिवस लागले. तो कारखान्यात ठिपक्या-ठिपक्यांच्या वेल्डिंगने चिकटवलेला असतो. एकेक ठिपका शोधून त्यावर ड्रिल चालवायचं, फक्त वरचा पत्रा सुटेल इतकंच. हे काम कंटाळवाणं आहे, लिहिण्यासारखं त्यात काही नाही. भंगारातून आणलेला शो जागेवर बसवून आधी बॉनेट, हेडलाइट, मडगार्ड सगळं नटबोल्टवर लटकवून फटी सारख्या येतात का ते बघितलं. मगच वेल्डिंग. ते मी केलं नाही. गावात ट्रॉल्या, नांगर जोडणारे वेल्डर आहेत, पण त्यांच्या साध्या वेल्डिंगने एवढा पातळ पत्रा जळून भोक पडतं. सिल्लोडहून सीओटू वेल्डिंगवाला बोलावला. जवळ वाळूची बादली, ओली पोती. तो दीड तासात काम करून गेला आणि त्याने घेतलेले पैसे मला महाग वाटले नाहीत.

रेडिएटर मात्र घरीच झाला. पूर्वीच्या मालकाने त्यात तांब्या-पितळेचा बसवलेला होता, म्हणून त्याला डाख देता आला. प्लॅस्टिकच्या टाकीचा असता तर फेकावा लागला असता. गळती शोधायची रीत मामूंनी सांगितली आणि मला हसू आलं. एक तोंड सोडून सगळी तोंडं रबराने बंद करायची, उरलेल्या तोंडातून सायकलच्या पंपाने बेताची हवा भरायची, रेडिएटर हौदात बुडवायचा आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. म्हणजे पंक्चर काढायचं!

'पंक्चरवाले' हा शब्द हल्ली आमच्यासाठी शिवी म्हणून वापरला जातो. मोबाइलवर तो रोज दिसतो. सच्चर समितीने 2006 साली अहवाल दिला, त्यात मुस्लिम कामगारांमध्ये स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण जास्त असल्याचं आणि वाहनदुरुस्तीसारख्या कामांत ते अधिक दिसत असल्याचं नोंदवलेलं आहे. नोकऱ्यांचे दरवाजे अरुंद होते, म्हणून माणसं गॅरेजच्या शटरखालून आत शिरली. आमच्या अब्बांना हे ठाऊक होतं. मला त्यांनी मामूंच्या हातोडीला शिवू दिलं नाही. "कलम पकड", एवढंच म्हणायचे. मी कलम धरली, नोकरीला लागलो, त्याबद्दल मला त्यांचे उपकारच वाटतात. पण चाळिशी ओलांडल्यावर हौदाच्या काठावर बसून बुडबुडे शोधताना वाटलं, घरात एवढी विद्या होती आणि ती आम्ही विद्या म्हणून मोजलीच नाही. चौदा मिलिमीटरचा फरक ओळंब्याने पकडणारा माणूस शिकलेला नाही असं कोण म्हणेल? आमच्याच घरात म्हणत होते. मामूसुद्धा स्वतःला अडाणी म्हणवतात.

त्या विद्येला मर्यादाही आहेत आणि त्या मामूंनीच सांगितल्या. नव्या गाड्यांत एअरबॅग असतात, पुढे सेन्सर असतात, डांडे कडक पोलादाचे असतात. तिथे लिंबाचं झाड आणि चेन ब्लॉक चालत नाही. तिथे हात घालू नये. आमची गाडी जुनी आणि साधी होती, म्हणून हे जमलं.

बॉनेट भंगारातून दुसरं आणलं, त्यावर दोन पोचे होते. पोचा काढताना सगळ्यांना मध्यावर ठोकावंसं वाटतं. उलट करायचं असतं. पोचा पडताना कडेला जो उंचवटा शेवटी उठतो, तो आधी बसवायचा. आतून डॉली धरायची, बाहेरून हलकी हातोडी, कडेकडून मध्याकडे यायचं. उरलेला खोलगटपणा लांबीने भरायचा, पण जाड थर द्यायचा नाही, नाहीतर खड्ड्यांच्या रस्त्यावर तो तडकून पडतो. जुनी गाडी घेणाऱ्यांनी खिशात लोहचुंबक ठेवावं. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी आहे.

बॉनेटच्या कुलुपावर मी जेवढा वेळ घालवला तेवढा रंगावर घालवणार नाही. खटका नीट बसला नाही तर भर रस्त्यात वाऱ्याने बॉनेट उघडून काचेवर आपटतं आणि समोरचं काही दिसत नाही. मुख्य खटका सुटला तरी अडकवून धरणारा दुसरा आकडा असतो. बरेच लोक दुरुस्तीत तो बसवतच नाहीत. मी नवा आणला आणि पन्नास वेळा उघडझाप करून बघितली.

हेडलाइट रात्री मशिदीच्या मागच्या भिंतीवर लावले, इशाची नमाज झाल्यावर. भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करायची, हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने नोंदवायची, आणि डिपरचा झोत त्या खुणेच्या पाच सेंटीमीटर खाली येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. नमाजी घरी जाताना थांबले. एकाने विचारलं, "मास्तर, ये क्या नाप रहे?" सांगितल्यावर त्याने आपली पिकअप आणून मागे लावली. तिचा उजवा दिवा थेट झाडावरच्या घुबडाला शोधत होता. तोही खाली आणला.

मग मोकळ्या रस्त्यावर एकट्याने चाचणी. चाळीसच्या वेगाला स्टिअरिंगवरची पकड सैल केली, गाडी सरळ गेली. ब्रेक दाबला, तरी सरळ. अर्धा तास चालवून पुन्हा गाडीखाली शिरलो, वेल्डिंगच्या जागा बोटाने चाचपल्या, होजचे क्लिप बघितले. दुसऱ्या दिवशी कन्नडला अलाइनमेंट करून घेतली. सीटबेल्ट दोन्ही बदलले, कारण माझ्या वजनाने एकदा ताणला गेलेला बेल्ट पुन्हा भरवशाचा राहत नाही. दुसऱ्या बाजूचा वीस वर्षांचा झाला होता. सगळं मिळून सतरा हजार आठशे. त्यात मामूंची मजुरी नाही. विचारली तर म्हणाले, "ईद को शीरखुर्मा पिला दे."

पहिल्या फेरीला अम्मीसोबत मामूही आले, मागच्या सीटवर. चिकलठाण्यापर्यंत नेऊन आण म्हणाले. डॉक्टरकडचं आटोपल्यावर नेलं. कार्यशाळेच्या फाटकासमोर दोन मिनिटं गाडी थांबवली. ते उतरले नाहीत, काच खाली करून बघत राहिले. मग म्हणाले, चल, उशीर होतोय.

रंग अजून दिलेला नाही. पांढऱ्या गाडीला राखाडी बॉनेट आणि भंगारातून आलेला एक निळा मडगार्ड आहे. पावसाळ्याआधी द्यावा लागेल, कारण नुसत्या प्रायमरमधून पाणी आत मुरतं आणि खाली गंज धरतो. मेच्या सुट्टीत बघू.